बारा म्हणजे खूप

“खोली तिला एकटीला द्यावी लागेल,” प्रमोद म्हणाला. “एजन्सीचा नियमच आहे.”

“दे की,” कणीक मळता मळता विभावरीबाई म्हणाल्या. “परक्या पोरीला मृदुलाची खोली देशील. पण लेकरं आजीबरोबर सांगलीला धाडणार नाहीस.”

“एकदा गेली की गेली गं आई.”

“विमानाने गेलेलं माणूस परत येतं रे.”

विभावरीबाईंचा सहा महिन्यांचा व्हिसा एकवीस तारखेला संपत होता आणि वाढवून मिळणार नव्हता. इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरातल्या या भाड्याच्या घरातून त्याला सकाळी सातला कामावर निघावं लागे, घरी यायला सहा वाजत. श्रिया सहा वर्षांची, सुयश तीनचा. सुयशची बालवाडी अडीचला सुटायची. शेजारी, मित्र, ऑफिस, सगळ्यांना विचारून झालं होतं. आता एक तर मुलं आजीबरोबर जाणार, नाहीतर घरात राहून मुलं सांभाळणारी एखादी मुलगी ठेवायची. इकडे तिला ऑ पेअर म्हणतात. एजन्सीने जर्मनीतली एक सुचवली होती, अ‍ॅनिका, एकोणीस वर्षांची. आज शनिवारी तिच्याशी व्हिडिओवर बोलायचं आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं.

फॉर्मात मुलांच्या आईचं नाव विचारलं होतं. त्याने ‘मृदुला’ लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून फॉर्म तसाच पाठवला. आज आधी तेच सांगायचं असं ठरवून त्याने इंग्रजीत एक वाक्य तयार केलं होतं. अंघोळ करताना ते चारदा म्हणूनही पाहिलं होतं.

टॅबलेट जेवणाच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला. अ‍ॅनिका दिसली. तिकडे अजून शुक्रवारची रात्र होती, तिचे केस ओले होते. ती ‘किया ओरा’, म्हणजे इकडचा माओरी नमस्कार, म्हणाली, तेही चुकीचं, आणि स्वतःच हसली. सुयशने आपली नवी जँडल कॅमेऱ्याला चिकटवली. तिने त्या चपलेला नाव विचारलं. सुयशला हसू आवरेना. मग श्रियाही हसली. स्वयंपाकघरात कुणी हसलेलं प्रमोदने बऱ्याच दिवसांनी ऐकलं. ही मुलगी चालेल, असं त्याच्या मनात आलं.

मग अ‍ॅनिकाने विचारलं, मुलांची आई आज कामावर आहे का?

प्रमोदने तोंड उघडलं. ते वाक्य आलंच नाही.

“ती घरी नाही,” तो इंग्रजीत म्हणाला.

विभावरीबाईंना इंग्रजी फारसं कळत नसे. एवढं कळलं. त्यांचं लाटणं थांबलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली.

एवढ्यात श्रियाने टॅबलेट उचलला. चल, तुला तुझी खोली दाखवते, असं म्हणून ती निघालीही. मागोमाग सुयश. तिला थांबवायला हवं होतं. प्रमोद उठला, पण दारापर्यंतच गेला. त्या खोलीत तो शक्यतो जात नसे.

श्रियाने खिडकी दाखवली, कपाट दाखवलं. मग टॅबलेट खाली वळवला. कार्पेटमध्ये चार खोल खळगे होते.

“इथे मम्मीचा बेड होता,” ती इंग्रजीत सांगू लागली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीच. “त्याला चाकं होती. माणसं येऊन परत घेऊन गेली. तू तुझा बेड इथेच लाव. बरोब्बर बसतो.”

“ओके,” अ‍ॅनिका म्हणाली.

श्रिया जमिनीवर बसली. टॅबलेट तिने मांडीवर घेतला.

“तुला किती महिने दिलेत?”

अ‍ॅनिकाला प्रश्न जरा वेळाने कळला. “बारा,” ती म्हणाली.

“बारा म्हणजे खूप, हीप्स,” श्रिया म्हणाली. तिला ते पटल्यासारखं दिसलं. “आजीला सहा दिले. मम्मीलापण डॉक्टरांनी सहाच दिले होते. पण तिने चारच वापरले.”

डॉक्टर ते बोलले तेव्हा श्रिया कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेडफोन लावून कार्टून बघत होती. तिला काही ऐकू गेलं नाही, असं त्या दिवशी मृदुला गाडीत दोनदा म्हणाली होती. प्रमोदही हो म्हणाला होता.

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मागे तव्यावरची पोळी करपल्याचा वास येत होता आणि विभावरीबाई ती उलटत नव्हत्या.

टॅबलेटवर अ‍ॅनिका हलत नव्हती. नेट अडकलं असं वाटून सुयश वाकला आणि त्याने तिच्या गालावर बोटाने दोनदा टकटक केलं.