वेशीवरचे हात

रस्तारुंदीत जाणाऱ्या वेशीसमोर जेसीबी घरघरत उभा होता आणि चित्रकार घाईघाईने तिचं शेवटचं चित्र काढत होता.

"आटपा साहेब!" ड्रायव्हर ओरडला.

गावातली सगुणाबाई वहीत डोकावली. "आन् हात कुठं हायेत?"

सासरी निघालेली गावची प्रत्येक लेक वेशीच्या आतल्या भिंतीवर गेरूचा हात उमटवून जायची. चित्रकाराने ते डाग समजून गाळले होते.

भिंतीवरच्या एका हातावर तळवा टेकवून सगुणाबाई तिथंच उभी राहिली. "माझी लेक बाळंतपणात गेली. तिचं एवढंच उरलंय. चित्रात काढल्याबिगर मी हलत न्हाई."

जेसीबी पुढे सरकला. सगुणाबाईनं डोळे मिटले.

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरून त्या लाल हातांकडे बघत राहिला.

"माझी आई ह्याच गावची. तिचा हात कुठला, मावशी?"