अर्धी गोळी

एव्हरशाईन सिटीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी वसुंधराबाईंचं बीपी दुसऱ्यांदा तपासलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"रोज गोळी घेऊनही एवढं? मग डोस दुप्पट करावा लागेल."

शेजारी बसलेली सून, सुरुची खुर्चीत पुढे सरकली. सकाळीच तिनं सासूबाईंना सुरीनं गोळीचे दोन तुकडे करताना पाहिलं होतं. दुधाची रिकामी पिशवी विसळून ते पाणीही चहात घालणाऱ्या सासूबाईंची काटकसर औषधापर्यंत पोचेल, असं तिला वाटलं नव्हतं. पण आता गप्प बसणं जिवावर बेतलं असतं.

"डॉक्टर, लिहू नका! आई अर्धीच गोळी घेतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, हे खरंय?"

वसुंधराबाईंनी मान खाली घातली.

"अहो, वाचवायला दुसरं काही मिळालं नाही का तुम्हाला? आणि उरलेल्या अर्ध्या गोळीचं काय करता?"

डॉक्टरांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून सासरे, सदानंदराव, चाचरत म्हणाले,



"ती मी घेतो, डॉक्टर. मलाही हल्ली चक्कर येते."