जॅकेटचं बटण

तुम्ही त्या बाईंचं तोंड बंद केलंत, साहेब. बाई मानसशास्त्र शिकून आलेल्या, पण शाळेत समुपदेशन करायचा परवाना तुमच्या टेबलावर अडकलेला, म्हणून पोटासाठी शिवणकाम शिकवणाऱ्या. तरी मुली त्यांच्यापाशीच मन मोकळं करायच्या. मग तुमचा माणूस येऊन दम भरून गेला, "परवान्याशिवाय मुलींच्या मनात शिरलात, तर शिवणकामही जाईल."

दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत नववीतली केतकी दारात उभी. जॅकेटचं बटण तुटलेलं. तुटलेलं कसलं, ओढून काढलेलं. वडील गेल्यापासून ती याच निमित्तानं यायची. बटण लागेपर्यंत बोलत राहायची, आणि बाई मुद्दाम सावकाश टाके घालायच्या.

आज बाईंनी भराभर सुई चालवली.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. माझा परवाना येऊ दे, मग पोटभर बोलू."

"कधी येणार?"

"हे बघ, झालं बटण. पळ, डबा खा."

केतकी निघाली. तिला हाक मारावी, जवळ बसवावं, असं बाईंना फार फार वाटलं. तेवढ्यात केतकी दारातच वळली आणि बाईंच्या देखत तिनं दुसरं बटण ओढून काढलं.

"हेही तुटलं, बाई."

बाईंनी पुन्हा सुईत दोरा ओवला.

ती पोर उद्याही येणार, साहेब. तिला काय सांगायचं, ते आता तुम्हीच सांगा. परवाना कधी देताय?