जादा पाटा

लष्कराच्या लिलावातली जुनी जीप गुरुसिद्धप्पानं अक्कलकोट रोडच्या आपल्या शेडमध्ये आणली, तेव्हा आधीच्या मालकाचे उद्योग बघून त्याला हसूच आलं. मागच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीला वजन पेलणारा एक पोलादी पाटा जादा, उजवीकडं नाही. लिंबू-मिरची लोक गाडीच्या पुढं बांधतात. ह्या बाबानं त्यासाठी हूक जोडला होता आत, मागच्या सीटसमोर.

"असू दे की," डबा घेऊन आलेली बायको, हेमावती म्हणाली. "कशासाठी तरी केलं आसंल."

"मला मिलिटरीतनं निघाली तशी पायजे," म्हणत त्यानं हूक कापला, जादा पाटाही काढला.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग थांबले. त्या शांततेत कमान करकरली आणि उभी रिकामी जीप मागून डावीकडं हळूहळू बसली.

"अहो, आत कोण हाय?"

मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. रेक्झिन मात्र खोल दबलं होतं.

दोघं मोटारसायकलकडं पळाले. हेमावती मागं बसली, त्यानं किक मारली. तेवढ्यात पाठीमागं करकर झाली. त्यानं आरशात पाहिलं. जीप पुन्हा सरळ उभी होती.

त्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मोटारसायकल मागून दबली.

"जरा पुढं सरका," हेमावती कापऱ्या आवाजात म्हणाली. "मागं जागा पुरंना झालीया."