दोन खिडक्यांमधला वारा

काटा पुन्हा सरकला. ताटलीत काहीच नव्हतं, तरी तीस ग्रॅम, चाळीस, मग उलटा शून्याखाली.

“नाच मेल्या, नाच!” तियाना काट्यावरच खेकसली. वजनाचा बारीकसा सिग्नल मोठा करणारी ऑप-अँपची चिप बदलून झाली होती. बॅटरी नवी. एकेक सांधा पुन्हा सोल्डर केला होता. पाळण्यात नेवेना मूठ चोखत होती. लेकीचं वजन वाढत नव्हतं. पाजण्याआधी आणि पाजल्यावर तोललं, की अंगावरचं दूध पुरतंय का ते कळणार होतं. साध्या काट्यावर एवढासा फरक दिसेना, म्हणून तियानानं हा घरीच जोडायला घेतला होता.

सासूबाई, रादोयकाबाई, दारात आल्या. हातात दुधाची बाटली.

“भुकेली आहे ती. वरचं दे आता.”

“आई, आधी मला मोजू दे.”

“आणि हे काय! ही खिडकी उघडी, समोरची उघडी, मध्ये पोर! माझ्या आत्याचं तोंड असल्याच वाऱ्यानं वाकडं झालं.”

“मग सोल्डरचा धूर जाऊ दे तिच्या नाकात? अख्ख्या जगात वारा फक्त आपल्याच देशात बाधतो, आई.”

रादोयकाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाहेर कोशावा, थंडीतला तो बोचरा वारा, घोंघावत होता. खांदा लावून त्यांनी खिडकी बंद केली.

भांडायला वळलेली तियाना तशीच थांबली. काटा शून्यावर होता. स्थिर.

तिनं खिडकी उघडली. काटा भरकटला. लावली. थांबला. चिपच्या उघड्या पायांवरून गार वारा जात होता, आणि तेवढ्यानं सगळं मोजमाप हलत होतं.

“बाधतो हं,” सासूबाई म्हणाल्या.

तियानानं खिडकी लावलेलीच ठेवली. नेवेनाला तोललं, काट्याच्या टोकाशी पेन्सिलीची खूण केली. मग अंगावर पाजायला घेतलं. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. पोर चोखून चोखून दमली, पेंगली. तिला अलगद ताटलीत ठेवलं.

काटा वर गेला आणि बरोबर पाजण्याआधीच्या खुणेवर थांबला.

तियानानं ताटलीला बोटानं टिचकी मारली. काटा थरथरला, पुन्हा खुणेवर आला. दुपारभर जो जागचा हलू नये म्हणून ती झटली होती, तो आता हलत नव्हता.

रादोयकाबाईंनी बाटली टेबलावर, सुनेच्या हाताशी ठेवली.

“कुठूनतरी वारा येतोय अजून,” त्या म्हणाल्या, आणि टॉवेलाची घडी करून बंद खिडकीच्या फटीत दाबत बसल्या.