उजव्या गालावरचा तीळ

सिनेमा संपला तशी डोरीन माझ्याकडे वळून फणकारली, “नुसते स्विमसूट! यात मी कुठाय गं, वर्ना?” ऐंशीची डोरीन स्वतःच्याच आयुष्यावरचा सिनेमा तिकीट काढून बघायला आली होती. एकेकाळी तिच्या फोटोचं कॅलेंडर टेक्सासमधल्या गॅरेजागॅरेजात लटकायचं. दारात दिग्दर्शक लोकांना सांगत होता, “डोरीननं समोर बसून मला सगळं सांगितलं.” डोरीन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “कधी रे सांगितलं मी?” तिला संशयाने न्याहाळत तो हसला. “आजी, सोंग छान आहे. पण तीळ उजव्या गालावर हवा होता. कॅलेंडर बघा जरा!” डोरीनने डाव्या गालावरचा तीळ चोळला. तीळ पुसला गेला नाही. ती सावकाश माझ्याकडे वळली. कॅलेंडरात ती आरशात दिसते तशीच दिसायची, म्हणून तिला कधी शंका आली नव्हती. साठ वर्षांपूर्वी डार्करूममध्ये त्या फोटोची निगेटिव्ह उलटी लावणारी मीच होते.