हातगुण

"हात धुवा, ताटलीतल्या ह्या गोठलेल्या खिरीवर बोटं टेकवा. परवा बघू कुणाच्या हातचं काय उगवतं," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पाच ताटल्या खुणा करून उबदार कपाटात ठेवल्या.

वडगावला शिकायला आलेल्या पाच सुइणींत वलवणची चिमाबाई सगळ्यांत जुनी, पण तिच्या जिवाला चैन पडेना. लेक आठवडाभरात बाळंत व्हायची होती, आणि जी सुईण नापास होईल तिला बाळंतपण करायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी बाई जेवायला गेल्या, तसं तिनं हळूच कपाट उघडलं. चौघींच्या ताटल्यांत पिवळे-पांढरे ठिपके नाचणीच्या रोपागत दाटले होते. तिची ताटली मात्र कोरी! "आता माझ्या हाताला गुणच न्हाई व्हय?" असं पुटपुटत तिनं अंगणातली चिमूटभर माती आणून ताटलीत भुरभुरली आणि झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी तिचंच पीक सगळ्यांत दाट. चिमाबाई पदर सावरत ऐटीत पुढं झाली.

"मावशी, हे जंतू आहेत. बाळंतिणीला ताप आणून मारणारे," बाई म्हणाल्या. "जिची ताटली कोरी, ती पास. हे हात पोरीला लावायचे नाहीत."

चिमाबाईनं त्यांचे पायच धरले. "बाई, त्ये माझ्या हातचं न्हाई वो! काल मी चोरून माती पेरली!"

मागं चौघींची कुजबुज झाली. मग घोरावाडीची सावित्राबाई घसा खाकरून म्हणाली, "बाई, आमी तर परवाच पेरलीया."